अँटिव्हायरसमध्ये फाइल-फोल्डरला सूट कशी द्यायची, आणि कधी अजिबात द्यायची नाही



एप्रिल उजाडला की शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर दोन प्रकारचे निरोप सुरू होतात. पहिला, "निकालपत्रकाची एक्सेल फाइल कुणाकडे आहे का?" आणि तासाभराने दुसरा, "फाइल उतरवली, पण उघडायच्या आधीच गायब झाली. काय करू?" यावर गटातलं कुणीतरी लगेच सांगतं, "अँटिव्हायरस बंद करा सर, मग चालेल." त्याहून थोडं जास्त माहिती असणारं कुणी म्हणतं, "बंद नका करू, एक्सक्लूजनमध्ये टाका."

दुसरा सल्ला पहिल्यापेक्षा बरा वाटतो, आणि काही वेळा तो बरोबरही असतो. पण त्यातली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. विंडोजमधलं रिअल-टाइम संरक्षण तुम्ही बंद केलंत, तर विंडोज गप्प बसत नाही. खाली टास्कबारवरच्या ढालीवर खूण दाखवतं, सूचना देतं आणि थोड्या वेळाने संरक्षण आपोआप परत सुरूही करतं. एक्सक्लूजनचं तसं नाही. ते एकदा घातलं की ना खूण, ना आठवण. तुमची बदली होऊन तुम्ही दुसऱ्या तालुक्यात गेलात तरी ते त्या संगणकात तसंच राहतं, आणि तुमच्या जागी आलेल्या मॅडमना त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून आज एक्सक्लूजन, म्हणजे अँटिव्हायरसच्या तपासणीतून दिलेली सूट, कशी द्यायची हे तर पाहूच. पण ती देण्याआधी काय तपासायचं आणि कुठे द्यायचीच नाही, यावर जास्त वेळ घालवू. उदाहरणासाठी विंडोज १० आणि ११ मध्ये आधीपासून असलेला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर घेतला आहे, कारण वेगळा अँटिव्हायरस विकत घेतला नसेल तर तुमच्या शाळेत आणि घरी तोच काम करत असतो.

सूट म्हणजे नक्की काय?

शाळेच्या फाटकावरचे शिपाईमामा डोळ्यांपुढे आणा. आत येणाऱ्या प्रत्येकाकडे ते बघतात. काही चेहऱ्यांचे फोटो त्यांच्याकडे आधीच दिलेले आहेत, ते दिसले की लगेच अडवायचं. काहींचा फोटो नाही, पण वागणं संशयास्पद आहे, त्यांनाही थांबवायचं. आणि अगदीच कळेना तर ऑफिसात फोन करून विचारायचं. अँटिव्हायरस साधारण हेच करतो. ज्ञात व्हायरसच्या खुणांशी फाइल जुळते का ते पाहतो, फाइलची रचना आणि वागणूक पाहतो, आणि इंटरनेट असेल तर कंपनीच्या सर्व्हरला विचारतो. फाइल उघडताना, कॉपी करताना, पेनड्राइव्हवरून आणताना हे सगळं क्षणार्धात घडतं.

आता एक्सक्लूजन म्हणजे काय? बहुतेकांना वाटतं की आपण मामांना सांगतोय, "हे पाटील सर, आपले ओळखीचे, यांना सोडत जा." तसं नाही. आपण सांगतोय, "मामा, मागच्या त्या खोलीत कोण येतं-जातं, तिकडे बघायचंच नाही." ओळख माणसाची नसते, जागेची असते. डिफेंडर तुमच्या फाइलचा चेहरा लक्षात ठेवत नाही, तिचा पत्ता लक्षात ठेवतो. उद्या त्याच पत्त्यावर त्याच नावाची दुसरीच फाइल येऊन बसली, तर तिलाही तीच सूट. आणि तुमची खरी फाइल तुम्ही उचलून डेस्कटॉपवर ठेवलीत, तर तिची सूट संपली.

एवढं एक लक्षात राहिलं तर पुढचे सगळे नियम पाठ करायची गरज नाही, ते आपोआप सुचतात.

आधी खात्री करा की अडवणारा अँटिव्हायरसच आहे

निम्म्याहून जास्त वेळा माझ्याकडे येणारी तक्रार अँटिव्हायरसची नसतेच. विंडोजमध्ये अडवणारे चार-पाच वेगवेगळे पहारेकरी आहेत आणि सगळ्यांच्या पाट्या दिसायला सारख्याच.

एक्सेल फाइल उघडली, पण वर लालसर पट्टी आली आणि मॅक्रो चालेनात, तर ते काम एक्सेलचं आहे. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. फाइल इंटरनेटवरून आली की विंडोज तिच्यावर एक अदृश्य शिक्का मारून ठेवतं आणि एक्सेल तो शिक्का वाचतं. इथे अँटिव्हायरसमध्ये कितीही सूट दिली तरी उपयोग शून्य. फाइल खात्रीच्या माणसाने बनवलेली असेल तर तिच्यावर माउसची उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' उघडा, खाली 'अनब्लॉक' असा चौकोन दिसेल, त्यात खूण करा. बस्स.

निळी मोठी चौकट येऊन 'विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी' असं दिसलं, तर तो स्मार्टस्क्रीन. फारशा लोकांनी न वापरलेला प्रोग्राम असेल तर तो हटकतो. आणि एखादा प्रोग्राम चालतोय पण 'डॉक्युमेंट्स' फोल्डरमध्ये काही सेव्हच करू देत नाही, 'अनऑथराइज्ड चेंजेस ब्लॉक्ड' अशी सूचना येते, तर ते 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस'. खंडणीखोर रॅन्समवेअरपासून फाइली वाचवण्यासाठीची ती वेगळी सोय आहे आणि तिथे परवानगी द्यायची यादीही वेगळी आहे.

फाइल खरोखर गायब झाली असेल तर मात्र ती बहुधा अँटिव्हायरसने क्वारंटाइन केलेली असते. (हा शब्द आता कुणाला समजावून सांगावा लागत नाही, ते काम कोरोनाने केलं.) 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' मध्ये जा आणि 'प्रोटेक्शन हिस्टरी' पाहा. कोणती फाइल, कधी, कुठे आणि कशाच्या संशयावरून पकडली, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. इथलं नाव वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही.

नाव वाचायला शिका

डिफेंडरने दिलेलं नाव लांबलचक आणि विचित्र दिसतं, पण त्याला व्याकरण आहे. आधी प्रकार येतो, मग कोणत्या प्रणालीसाठी, मग घराण्याचं नाव, आणि शेवटी उपप्रकार. आपल्याला पहिला आणि शेवटचा भाग महत्त्वाचा.

सुरुवातीला 'हॅकटूल' असेल तर समजा की हे साधन कुलूप तोडण्यासाठीच बनवलंय. विंडोज किंवा ऑफिस फुकट 'ॲक्टिव्हेट' करून देणारे प्रोग्राम नेहमी याच नावाखाली पकडले जातात. इथे अँटिव्हायरसची काही चूक झालेली नाही. 'ट्रोजन', 'रॅन्सम', 'पासवर्ड चोरणारा' अशा अर्थाचा शब्द असेल तर सूट देण्याचा विचारही नको, जोवर पक्का पुरावा हातात नाही. 'पीयूए' असेल तर ती आगंतुक सॉफ्टवेअरं, म्हणजे एका प्रोग्रामच्या आडून जाहिरातीचे आणखी दोन घरात घुसवणारी मंडळी.

नावाच्या अगदी शेवटी उद्गारचिन्ह आणि त्यापुढे 'एमएल' ही अक्षरं असतील, तर ही पकड मशीन लर्निंगने केलेली आहे. म्हणजे फाइल ओळखीच्या व्हायरसशी तंतोतंत जुळलेली नसून, संगणकाने तिच्या एकूण रूपावरून अंदाज बांधलाय. खोट्या पकडी इथे जास्त सापडतात. याचा अर्थ असा मात्र घेऊ नका की 'एमएल' दिसलं म्हणजे फाइल निर्दोष. अंदाज पुष्कळदा बरोबरच निघतो.

शाळेत खोटी पकड कुठे होते? माझ्या पाहण्यात तीन ठिकाणी. अकरावी-बारावीच्या मुलांनी प्रात्यक्षिकात सी प्लस प्लसचा प्रोग्राम लिहिला आणि चालवला, की एक नवी कोरी चालणारी फाइल तयार होते. जगात ती दुसऱ्या कुणीच पाहिलेली नसते, त्यामुळे अँटिव्हायरस बिचकतो. दुसरं, पायथॉनचा प्रोग्राम 'पायइन्स्टॉलर' वापरून एका फाइलीत बांधला की असं वारंवार होतं, कारण व्हायरस लिहिणारेही तेच बांधकाम-साहित्य वापरतात. आणि तिसरं, मराठी टायपिंगची छोटी साधनं. तुम्ही दाबलेली कळ मधल्यामध्ये पकडायची आणि तिच्या जागी दुसरं अक्षर उमटवायचं, हे त्यांचं काम. पासवर्ड चोरणारे कीलॉगर नेमकं हेच पहिलं अर्धं काम करतात, मग मामांना संशय येणारच. (जाता जाता: मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड मिळतो. त्यावर भागत असेल तर बाहेरचं साधनही नको आणि त्याला सूटही नको.)

अँटिव्हायरस चुकतच नाही असं नाही, आणि तो चुकला की मोठाही चुकतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकअफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीमधल्या 'एसव्हीसीहोस्ट' या अत्यावश्यक फाइलीलाच व्हायरस ठरवलं. जगभर असंख्य संगणक पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत राहिले, नेटवर्क तुटली. तेव्हा 'अँटिव्हायरस म्हणतो म्हणजे खरंच' असं मानू नका, आणि 'आपल्या गटातल्या सरांनी पाठवलंय म्हणजे चांगलंच' असंही मानू नका. सरांचा हेतू चांगला असतो हो, पण त्यांच्या पेनड्राइव्हचा नसतो.

सूट द्यायच्या आधीची चौकशी

फाइल मुळात आली कुठून? बनवणाऱ्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून पुन्हा उतरवून पाहा. गटात फिरत आलेल्या प्रतीपेक्षा ती बरी. प्रोग्राम असेल तर 'प्रॉपर्टीज' मध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' हा भाग आहे का आणि त्यात अपेक्षित नाव आहे का, ते बघा. सही नसली म्हणजे फाइल वाईट असं नाही, छोटे निर्माते सही विकत घेत नाहीत. पण नामांकित कंपनीच्या नावाने आलेल्या फाइलीवर सही नसेल तर मात्र दाल में काला.

अँटिव्हायरस अद्ययावत करून पुन्हा तपासा. खोटी पकड असेल तर कंपन्या बरेचदा लवकरच दुरुस्ती पाठवतात आणि सूट देण्याची गरजच उरत नाही. दोन दिवस थांबणं शक्य असेल तर थांबा.

'व्हायरसटोटल' या संकेतस्थळावर एक फाइल एकाच वेळी डझनावारी अँटिव्हायरसकडून तपासून मिळते. स्पेनमध्ये २००४ साली सुरू झालेली ही सेवा २०१२ पासून गुगलकडे आहे. सत्तरेकपैकी दोघांनीच हरकत घेतली आणि बाकी सगळे शांत, तर खोट्या पकडीची शक्यता वाढते. तीस-चाळीस जणांनी बोट दाखवलं, तर विषय संपला. पण इथे एक मोठा पण आहे, आणि शिक्षकांनी तो नीट ऐकावा. तिथे चढवलेली फाइल तुमच्यापुरती राहत नाही, ती सुरक्षा कंपन्यांना आणि सशुल्क सदस्यांना उपलब्ध होते. म्हणून विद्यार्थ्यांची नावं, आधार क्रमांक, गुण, पालकांचे मोबाइल असलेली एक्सेल फाइल तिथे कधीही चढवू नका. तपासायचंच असेल तर त्या निकालपत्रकाची कोरी, मूळ प्रत तपासा.

एवढं करून फाइल चांगली आहे याची खात्री पटली, तर मायक्रोसॉफ्टला ती 'चुकून पकडलेली फाइल' म्हणून पाठवण्याची सोय त्यांच्या संकेतस्थळावर आहे. विद्यार्थ्याने किंवा सहकारी शिक्षकाने बनवलेल्या साधनासाठी हे आवर्जून करावं. सूट एका संगणकावर अडचण दूर करते, दुरुस्ती सगळ्यांकडे.

प्रत्यक्ष सूट कशी द्यायची

पहिली गोष्ट, तुमच्या संगणकावर पहारा कोण देतंय ते बघा. दुसरा अँटिव्हायरस टाकलेला असेल तर डिफेंडर बाजूला होतो आणि त्यात घातलेल्या सूटीला काही अर्थ राहत नाही. विंडोज सिक्युरिटीच्या सेटिंग्जमध्ये 'मॅनेज प्रोव्हायडर्स' वर हे कळतं. पुण्याच्या क्विक हीलमध्ये याच कामासाठी 'एक्सक्लूड फाइल्स अँड फोल्डर्स' ही सोय आहे, अवास्टमध्ये तिला 'एक्सेप्शन्स' म्हणतात. नावं वेगळी, तत्त्व एकच.

डिफेंडरसाठी: स्टार्ट मेनूत 'विंडोज सिक्युरिटी' शोधून उघडा. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' वर जा. खाली 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन सेटिंग्ज' या मथळ्याखाली 'मॅनेज सेटिंग्ज' आहे, ते दाबा. आता खूप खाली सरका, 'एक्सक्लूजन्स' दिसेल, तिथे 'ॲड ऑर रिमूव्ह एक्सक्लूजन्स' दाबा. विंडोज परवानगी विचारेल, इथे ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागतो. मग 'ॲड ॲन एक्सक्लूजन' दाबलं की चार पर्याय येतात: फाइल, फोल्डर, फाइल टाइप आणि प्रोसेस.

फाइल आधीच क्वारंटाइनमध्ये गेली असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी सूट द्या, मग 'प्रोटेक्शन हिस्टरी' मधून ती 'रिस्टोअर' करा. उलट केलंत तर बाहेर आल्या आल्या पुन्हा पकडली जाईल, आणि तुम्ही म्हणाल सूट चालतच नाही. तिथेच 'अलाव ऑन डिव्हाइस' असाही पर्याय दिसतो. तो वापरला तर त्याची नोंद एक्सक्लूजनच्या यादीत नाही, 'अलाव्ड थ्रेट्स' या वेगळ्या यादीत होते. पुढे कधी तपासणी कराल तेव्हा दोन्ही याद्या पाहायच्या.

चार पर्यायांपैकी कोणता?

'फाइल' हा सगळ्यात अरुंद दरवाजा. एकाच फाइलीचा प्रश्न असेल तर हाच घ्या, दुसरा विचार नको.

'फोल्डर' निवडलात तर त्यातले सगळे उपफोल्डरही आले, कितीही खोल असले तरी. म्हणून सूट द्यायची असेल तर त्या कामासाठी नवा, वेगळा फोल्डर करा. प्रात्यक्षिकाच्या मुलांसाठी सी ड्राइव्हवर 'बारावी प्रात्यक्षिक' नावाचा एक फोल्डर, त्यात फक्त त्यांचे प्रोग्राम, दुसरं काही नाही. तिथे कुणी पेनड्राइव्हवरची गाणी आणून टाकली तर ती गाणीही बिनतपासणीची झाली, हे मुलांना आधीच सांगा. मुलं हे नियम आपल्यापेक्षा चांगले पाळतात, कारण विचारलं तर सांगितलेलं असतं.

'फाइल टाइप' म्हणजे ठरावीक शेपटाच्या सगळ्या फाइलींना, सगळ्या ड्राइव्हवर, सगळ्या फोल्डरांत सूट. एका डेटाबेसच्या विशिष्ट फाइलींसाठी तज्ज्ञ हे करतात. फी किंवा ग्रंथालयाची नोंद एसक्यूएल सर्व्हरवर ठेवणारी प्रणाली असेल तर कोणत्या फाइलींना सूट द्यावी, हे मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेलं आहे, कारण अँटिव्हायरस आणि डेटाबेस दोघेही एकाच वेळी तीच फाइल धरून बसले की काम अडतं. पण तुम्ही-आम्ही 'ईएक्सई', 'झिप', 'पीडीएफ' किंवा मॅक्रोवाल्या एक्सेलचं शेपूट इथे टाकणं म्हणजे शाळेचं फाटकच काढून ठेवणं.

'प्रोसेस' हा पर्याय सगळ्यात जास्त गैरसमजाचा. नावावरून वाटतं की या प्रोग्रामला सूट मिळेल. प्रत्यक्षात उलट आहे. तो प्रोग्राम ज्या-ज्या फाइली उघडेल त्यांना रिअल-टाइम तपासणीतून सूट मिळते, खुद्द प्रोग्रामला नाही. आता कल्पना करा, निकालपत्रक चालावं म्हणून कुणी इथे एक्सेललाच घातलं. झालं! यापुढे एक्सेल जी काही फाइल उघडेल, गटातून आलेली, मेलमधून आलेली, ती तपासली जाणार नाही. एका फाइलीच्या अडचणीसाठी आपण जगातल्या सगळ्या एक्सेल फाइलींना आत घेतलं. पायथॉनबाबतही तेच. कधी खरंच वापरावा लागलाच, तर प्रोग्रामचं नुसतं नाव न देता पूर्ण पत्ता द्या, नाहीतर त्याच नावाचा कुठलाही तोतया त्या सूटीचा फायदा घेईल.

जिथे सूट द्यायचीच नाही

डाउनलोड्स, डेस्कटॉप, टेम्प, आणि संपूर्ण सी ड्राइव्ह. इथे बाहेरचा माल सगळ्यात आधी उतरतो, म्हणजे तपासणी सगळ्यात जास्त इथेच हवी. हे सगळ्यांना पटतं. पण एक जागा अशी आहे जिथे शहाणी माणसंही घसरतात, ती म्हणजे पेनड्राइव्ह.

पेनड्राइव्ह लावला, तो 'ई' ड्राइव्ह म्हणून दिसला, त्यातली फाइल अडली, म्हणून कुणी 'ई' ड्राइव्हला सूट दिली. आठवतंय ना, सूट पत्त्याला असते? उद्या केंद्रप्रमुखांचा पेनड्राइव्ह लागेल, परवा झेरॉक्सवाल्याकडून फिरून आलेला लागेल, तोही 'ई' म्हणूनच दिसेल, आणि तोही बिनतपासणीचा. फोल्डर दडवून त्याच नावाचा शॉर्टकट ठेवणारा तो जुना शॉर्टकट व्हायरस आठवा. शाळा, सायबर कॅफे, झेरॉक्सची दुकानं यांच्यातून तो वर्षानुवर्षं असाच फिरला. पेनड्राइव्हवरची फाइल हवी असेल तर ती संगणकावरच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये आणा, आणि सूट द्यायचीच तर त्या एका फाइलीला.

संगणक संथ चालतो म्हणून सूट देणं हेही आमच्याकडे फार. जुन्या प्रयोगशाळेत तो मोह समजू शकतो. पण त्यासाठी पूर्ण स्कॅनची वेळ शाळा सुटल्यानंतरची ठेवा, सुरुवातीलाच चालू होणारे नको ते प्रोग्राम बंद करा. बहुतेक वेळा दोष अँटिव्हायरसचा नसून हार्ड डिस्कच्या वयाचा असतो.

वर्गात करून दाखवण्यासारखा प्रयोग

सूट म्हणजे काय, हे मुलांना फळ्यावर सांगून कळत नाही, पण करून दाखवलं की विसरत नाहीत. त्यासाठी 'आयकार' चाचणी फाइल आहे. अँटिव्हायरस नीट काम करतो का ते पाहण्यासाठी बनवलेला हा ६८ अक्षरांचा निरुपद्रवी मजकूर. त्यात व्हायरस नाही, पण सगळे नामांकित अँटिव्हायरस त्याला ठरवून व्हायरससारखं पकडतात. मजकूर आयकार संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतो.

एक रिकामा फोल्डर करा, त्याला सूट द्या. नोटपॅडमध्ये ती अक्षरं जशीच्या तशी टाकून फाइल त्या फोल्डरमध्ये सेव्ह करा. काहीच होणार नाही, शांतता. आता तीच फाइल कॉपी करून डेस्कटॉपवर ठेवा. लगेच सूचना येईल आणि फाइल उचलली जाईल. मुलांना विचारा, "फाइल तीच, मग फरक कशाने पडला?" कुणीतरी बरोबर म्हणतंच, "सर, जागेने." मग विचारा, "मी व्हायरस लिहिणारा असतो तर माझी फाइल कुठे ठेवली असती?" पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलावंच लागणार नाही. शाळेचं नेटवर्क कुणी तज्ज्ञ सांभाळत असेल तर त्यांना आधी कल्पना द्या, नाहीतर त्यांच्याकडे धोक्याची घंटा वाजेल. आणि तास संपल्यावर सूट काढायला विसरू नका.

पालकांसाठी थोडं

मुलांच्या प्रश्नाचं उत्तर चोरच आधी देऊन बसलेत. गेमची चीट, फुकटचे मोड, तोडलेली सॉफ्टवेअरं, यांच्या व्हिडिओखाली हल्ली सरळ लिहिलेलं असतं: "अँटिव्हायरस चुकून पकडतो, काळजी नको, आधी फोल्डर एक्सक्लूजनमध्ये टाका." दहा-बारा वर्षांचं पोरगं ते वाचून बिनचूक करतं. काही उपद्रवी प्रोग्राम तर विचारतही नाहीत. एकदा 'येस' दाबून अधिकार मिळाला की ते स्वतःच आपल्या फोल्डरचं नाव यादीत घालून घेतात आणि मग निवांत राहतात. तुमच्या बँकेचे पासवर्ड त्याच ब्राउझरमध्ये साठवलेले असतात.

मुलांवर ओरडून काही होत नाही. दोन गोष्टी करा. मुलासाठी संगणकावर वेगळं, साधं खातं उघडा, ॲडमिनिस्ट्रेटरचं नको. म्हणजे सूट द्यायला तुमचा पासवर्ड लागेल, आणि तो पासवर्ड वाढदिवसाची तारीख नसावा. दुसरं, आज रात्रीच मुलाला शेजारी बसवून एक्सक्लूजनची यादी उघडा. सामान्य घरात ती पूर्ण रिकामी असायला हवी. त्यात तुम्ही न घातलेलं काही दिसलं, तर शांतपणे विचारा. "कशासाठी घातलंस?" असा प्रश्न विचारला तर उत्तर मिळतं, "कुणी केलं हे?" असा विचारला तर मिळत नाही. उत्तर कुणाकडेच नसेल तर ती नोंद काढा, पूर्ण स्कॅन करा, आणि 'स्कॅन ऑप्शन्स' मधला 'ऑफलाइन स्कॅन' ही चालवा. त्यात संगणक रीस्टार्ट होऊन साधारण १५ मिनिटं तपासणी चालते. काही सापडलं तर महत्त्वाचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदला.

शाळेसाठी नोंदवही

जडवस्तू नोंदवहीत आपण तुटक्या खुर्चीचीही नोंद ठेवतो. संगणक कक्षात एका वहीचं एक पान या कामासाठी ठेवायला काय हरकत आहे? कोणता संगणक, कोणती फाइल किंवा फोल्डर, कशासाठी, कुणी, कोणत्या तारखेला आणि कधी काढायची. शेवटचा रकाना रिकामा राहत असेल तर ती सूट देऊच नये असं माझं मत आहे. निकालपत्रकाची सूट मे महिन्यापर्यंत, प्रात्यक्षिकाची परीक्षा संपेपर्यंत.

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात प्रत्येक संगणकावर यादी उघडून वहीशी ताडून बघा. काढायची असेल तर नोंदीवर क्लिक केल्यावर 'रिमूव्ह' दिसतं. काढल्यानंतर त्या फोल्डरवर उजवी कळ दाबून 'स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' चालवा, म्हणजे सूटीच्या काळात तिथे काही येऊन बसलं असेल तर कळेल. हा क्रम पाळा: आधी सूट काढायची, मग स्कॅन. सूट असतानाच स्कॅन केलात तर डिफेंडर ती जागा वगळून पुढे जातो आणि सगळं ठीक असल्याचं सांगतो.